मी अख्खा भोपळा, मुक्काम दहिसर

मी लाल भोपळा बोलतोय. आवाज जरा दबका येत असेल तर सांभाळून घ्या, तोंडावर ओलं फडकं टाकलंय. भोपळ्याला तोंड कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे ठेवलंय मला.

माझा जन्म कणकवलीच्या पुढे, काशीराम आजोबांच्या गोठ्याच्या छपरावर झाला. आजोबा पूर्वी मुंबईत गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी जाऊन राहिले. माझा वेल त्यांनी लावला नव्हता. खाऊन फेकलेल्या बियांतून तो आपला आपण उगवला आणि कुणाला न विचारता छपरावर चढला. मी वर पडून ऊन खायचो, खाली म्हैस रवंथ करायची. दोघांनाही कामधंदा नव्हता. असं बालपण सगळ्यांना मिळो.

अंगावर टिचकी मारली की टणटण वाजायला लागलो, तेव्हा आजोबांनी मला देठासकट उतरवलं. पडवीत ऊन दाखवून साल निबर केली. मग जुन्या लुंगीत गुंडाळलं आणि बोरिवलीच्या लक्झरीत मांडीवर घेऊन बसले. बसवाल्याने विचारलं, "आजोबा, ह्याचं तिकीट?"

"अजून दूद पिता तो," आजोबा म्हणाले.

दहिसरला आजोबांचा मुलगा सुयोग राहतो. पूर्वीची चाळ पाडून तिथे बिल्डिंग झाली, तिच्या सातव्या मजल्यावर. हॉल, आतली एक खोली आणि ओट्यापुरतं किचन. सुयोग मढच्या बंगल्यांवर शूटिंगला लाइट लावायचं काम करतो. सकाळी जातो तो दमूनच परत येतो. घरात त्याची बायको श्वेता आणि दीड वर्षाचा मुकुल.

आणि मुकुल जेवत नाही.

हे वाक्य छोटं आहे, पण त्या घरात त्याच्याहून मोठं काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, "वजन जागचं हलत नाहीये. पुढच्या वेळी हललेलं दिसलं पाहिजे. नाहीतर रक्त काढून तपासावं लागेल." तेव्हापासून श्वेताच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एवढ्याशा दंडातून रक्त काढणार कुठून, हाच विचार. ती भांडी घासता घासता थांबायची आणि स्वतःचाच दंड दाबून बघायची.

मुकुलचं म्हणाल तर तो अगदी खुशीत होता. घास समोर आला की ओठ असे मिटायचा, जसं शनिवारी दुपारनंतर बँकेचं शटर. चिमणीचा नाही, काऊचा नाही, मोबाइल दाखवला तर मोबाइल बघायचा आणि घास गालात धरून ठेवायचा. सकाळचा भात दुपारी त्याच्या गालात सापडायचा.

आजोबांनी मला हॉलमध्ये ठेवलं आणि सुनेला समोर बसवून नीट सांगितलं.

"ह्येका धुवू नको. फ्रीजात घालू नको. देठाक धरून उचलू नको, देठ मोडलो काय ह्यो कुसलोच समज. खाली काय तरी मऊ घाल. मगे बघ, शिमग्यापर्यंत काय होवचा नाय."

"बरं बाबा."

"आणि ह्या महत्त्वाचा. पयलो घाव पुरुषान घालूचो. बायलमाणसान अख्खो भोपळो फोडूचो नाय. सुयोगान एकदा फोडून दिल्यान काय मगे तू भाजी कर, घारगे कर, काय ता कर."

"पण का बाबा?"

आजोबांनी जरा विचार केला. "तसा इचारूचा नसता," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेले. म्हैस वाट बघत होती.

आता श्वेताचं सांगतो. मुकुल का जेवत नाही, याचं कारण तिने शोधून काढलं होतं. मोबाइलवर एक बाई दिसायच्या, गळ्यात मोत्यांची माळ घालून भाजीविषयी बोलायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "भाजी तोडल्यावरही श्वास घेते. चुकीची ठेवली की घरातच मरते." श्वेताला ते लागलं. मेलेली भाजी पोर कसं खाईल? म्हणजे चूक पोराची नाही, ठेवण्याची आहे. तिला बरंच वाटलं. ठेवण्याची चूक सुधारता येते.

मी आलो तेव्हा ती सुधारणा जोरात चालू होती. लोक विळ्या-भोपळ्याचं वैर सांगतात, पण खरं वैर कांद्या-बटाट्याचं. शेजारी ठेवले की एकमेकांना बिघडवतात. म्हणून कांदे हॉलच्या खिडकीत सुयोगच्या फुटबॉलच्या मोज्यांमध्ये लटकत होते आणि बटाटे पलंगाखाली अंधारात, वर चादर पांघरून. केळी पिकताना शेजाऱ्यांनाही पिकवतात, म्हणून केळ्यांना गॅलरीच्या दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून वाळीत टाकलं होतं. आलं कुंडीतल्या वाळूत पुरलं होतं. कोथिंबीर पेल्यातल्या पाण्यात उभी, डोक्यावर पिशवी, टीव्हीच्या शेजारी. पाहुणे तिला नमस्कारच करायचे बाकी होते. टेबलफॅन कांद्यांकडे तोंड करून फिरायचा.

"ह्या घरात कांद्याला वारा आहे, मला नाही," सुयोग म्हणाला. तो गंजी भिजवून बसला होता.

"तुम्हाला मोड येणार नाहीत ना," श्वेता म्हणाली.

"तसं नाही बोलता येत. घामाने भिजलोय, वरून अंधारात झोपतोय."

शेजारच्या वसुधाकाकू निवृत्त शिक्षिका. त्या दारातूनच म्हणाल्या, "अगं श्वेता, भाज्या श्वास घेतात हे बरोबर. पण म्हणून त्यांना सकाळी नदीवर फिरायला नेणार आहेस का?"

श्वेताने एवढंच विचारलं, "नेलं तर चालतं का काकू?"

काकू घरी गेल्या.

मला हॉलच्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर जागा मिळाली. खाली सुयोगच्या जुन्या गंजीची चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना बायका कापडाचं वेटोळं घालतात ना, तीच चुंबळ. सारखं एका अंगावर पडून डाग पडू नये म्हणून श्वेता मला रोज वळवायची. कोरड्या फडक्याने पुसायची. बोटाने दाबून बघायची, तेही ज्या बोटाने मुकुलची मांडी दाबायची त्याच बोटाने. वसुधाकाकूंचा वजनकाटा मागून आणला. आधी ती एकटी उभी राहायची, मग मुकुलला कडेवर घेऊन, मग मला कडेवर घेऊन.

माझं वजन हलत नव्हतं, म्हणजे मी उत्तम टिकलो होतो. मुकुलचंही हलत नव्हतं. एकाच काट्यावर एकाच बाईला एकाच वेळी हसू आणि रडू येताना मी पाहिलंय.

आता सुयोगने मला कधी फोडायचं, एवढाच प्रश्न होता. "रविवारी," तो म्हणाला. रविवार आला, तर तो शूटिंगहून पहाटे आलेला, झोपला. पुढच्या रविवारी अमावास्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्याने सुरी घेतली, माझ्या सालीवर ठेवली आणि ती सर्रकन घसरून चुंबळीत रुतली.

"हा भोपळा आहे की हेल्मेट," तो म्हणाला. "धार लावून आणतो."

धार लावून आणली त्या दिवशी संकष्टी. "आज फोडू नका, बाबांना विचारायला पाहिजे," श्वेता म्हणाली. बाबांना फोन केला तर म्हशीला बरं नव्हतं. असा मी राहत गेलो. मला वाईट वाटत नव्हतं, पण चांगलंही वाटत नव्हतं. भोपळ्याला टिकायला येतं, पण टिकणं म्हणजे काही काम नव्हे. आपण ज्याच्यासाठी वाढलो ते झालं नाही, तर नुसतं गोल राहून काय उपयोग?

मग एका दुपारी ते घडलं.

श्वेता वरण-भाताची वाटी घेऊन मुकुलच्या मागे फिरत होती. पलंगाभोवती दोन फेऱ्या झाल्या, टीव्हीभोवती झाल्या. शेवटी ती माझ्या स्टुलाला टेकून खालीच बसली. डोळ्यांत पाणी होतं, पण हात वाटीवर घट्ट. मुकुल आला. त्याने चमचा ओढून घेतला, चमच्यातला भात माझ्या गालावर थापला आणि म्हणाला, "पोपा, मम."

पोपा म्हणजे मी.

तो वाट बघत उभा राहिला. भात माझ्या गालाला चिकटून राहिला, खाली पडला नाही. त्याला वाटलं, मी खाल्ला. मग त्याने स्वतःचं तोंड उघडलं. आ करून.

श्वेता गुडघ्यांवर पुढे सरकली. तिने घास घातला. गिळला त्याने. मग पुन्हा चमचा माझ्याकडे. एक पोपाला, एक त्याला. वाटी संपली. श्वेताने वाटी उलटी करून बघितली, जसं काही तळाला भोक आहे.

संध्याकाळी सुयोग आल्यावर त्याने बूट काढायच्या आत तिने सांगितलं, "अहो, भोपळ्याला हात लावायचा नाही."

"आता काय झालं?"

"तो मुकुलला जेवायला घालतो."

सुयोगने माझ्याकडे बघितलं. माझ्या गालावर भात वाळला होता. "आणि ह्याला कोण घालतं?"

"मुकुल."

"मग तू काय करतेस?"

"मी पुसते," श्वेता म्हणाली.

त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. सकाळी नाचणीची खीर, दुपारी वरण-भात, संध्याकाळी मऊ खिचडी. आधी माझा घास, मग त्याचा. मी उगाच मिजास करत नाही, पण घरातला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस मीच होतो. सुयोग सकाळी निघताना मला "चलतो रे" म्हणायला लागला. वजनाची तारीख आली. काटा हलला. फार नाही, पण हलला.

"काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भोपळा," श्वेता म्हणाली.

"छान. फार पौष्टिक असतो. चालू ठेवा. आणि वजन आता खाली येता कामा नये हं, पुढच्या वेळी मी बघणार."

श्वेता रिक्षातून घरी येईपर्यंत घोकत होती, चालू ठेवा, चालू ठेवा. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी भाजी आहे. मी कर्मचारी होतो.

पण यात एक मेख होती, आणि ती मला श्वेताच्या आधी कळली. भोपळ्याला पाणी चालत नाही. आजोबांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. आणि मुकुल मला दिवसातून तीनदा वरणाने, खिरीने, खिचडीने भिजवत होता. श्वेता पुसायची, पंख्यापुढे धरायची. त्यासाठी कांद्यांचा पंखाही मला दिला, कांदे नाराज झाले. तरी मुकुल जिथे रोज घास थापायचा तिथे, देठाच्या जरा खाली, मला आतून गार गार वाटायला लागलं. मुकुल जितका जेवत होता तितका मी जात होतो.

एक दिवस तिने तिथे बोट दाबलं आणि ते आत गेलं. फार नाही, नखभर. ती तशीच बसून राहिली, बोट न काढता.

"अहो," ती म्हणाली, "पोपा बिघडला."

तिने काय काय करून पाहिलं. बाजारातून दुधी आणला, स्टुलावर ठेवला. मुकुलने त्याच्याकडे असं पाहिलं जसं ओळखीच्या भाडेकरूने रिकाम्या केलेल्या खोलीत कुणी अनोळखी माणूस राहायला आला. कोबी ठेवला, त्याची पानं सोडत बसला. दुसरा लाल भोपळा आणला, माझ्याहून गोल, माझ्याहून तकतकीत. मला घाम फुटला, खरंच फुटला, तेच तर दुखणं होतं. मुकुलने त्याला घास दिला नाही. तोंड मिटलं, शटर खाली. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही. मग मला परत आणलं तेव्हा दोन घास.

"हे बघ," सुयोग म्हणाला, "हा असाही जाणार. आज फोडला तर अर्धा तरी खाता येईल. उद्या फोडला तर कचऱ्यात. तुझ्याच त्या मोत्यांच्या बाई सांगतात ना, डाग दिसला की लगेच कापा."

"आणि मुकुल?"

सुयोग उठून कॅलेंडर बघायला गेला.

रविवार होता, अमावास्या नव्हती, संकष्टी नव्हती, धार लावलेली सुरी होती. सुयोग माझ्यापुढे उकिडवा बसला. मी तयार होतो. त्याने सुरी वर केली आणि खाली घेतली.

"मी नाही करू शकत यार. मी रोज ह्याला चलतो रे म्हणतो."

"अहो, पण पुरुषानेच फोडायचा असतो."

"मग दुसरा पुरुष बघ. बिल्डिंग भरलीय."

चौथ्या मजल्यावरच्या देवव्रतला बोलावलं. तो जिममध्ये शिकवतो, छाती दाराएवढी. सुरी त्याच्या हातात पेन्सिल वाटत होती. त्याने मला निरखलं. "ह्याचं काही नाव वगैरे ठेवलंय का वहिनी?"

"नाही."

"मग ठीक आहे. नाव असलं की मला जमत नाही." त्याने हात उचलला.

आतल्या खोलीतून मुकुल दुडदुडत आला. "पोपा," तो म्हणाला.

देवव्रतने सुरी स्टुलावर ठेवली. "वहिनी, तुम्ही म्हणालात नाव नाही."

सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव काही कामाने वर आले होते, गर्दी बघून थांबले. त्यांनाही विचारलं. वयस्कर माणूस, नाही म्हणणार नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"त्याचं काय आहे, आज मी इथे फोडला तर उद्या बी विंगमधून बोलावणं येणार. प्रथा पडते. त्यापेक्षा जनरल बॉडीत ठराव आणू. कुणी फोडायचा, कुठल्या वारी."

"जनरल बॉडी कधी आहे?"

"कोरम झाला की."

"गेल्या दिवाळीपासून झाला नाही कोरम," देवव्रत म्हणाला.

"तुमच्यासारखे येत नाहीत म्हणून होत नाही."

दोघे बोलत बोलत पॅसेजमध्ये गेले. सुयोग त्यांना थांबवायला गेला, श्वेता सुयोगला थांबवायला. वसुधाकाकूंचं दार उघडलं. "काय चाललंय तरी काय? एका भोपळ्यासाठी तीन पुरुष?" आणि मग पॅसेजमध्ये जो वाद लागला तो कोरमपर्यंत, पार्किंगपर्यंत आणि पाण्याच्या टाकीपर्यंत गेला.

हॉलमध्ये मी आणि मुकुल. आणि स्टुलावर सुरी.

माझा जीव वरखाली झाला. माझ्यासाठी नाही. सुरीला धार होती आणि त्याचा हात तिच्याकडे निघाला होता. मला हलता येत नाही, हे मला आयुष्यात पहिल्यांदा खुपलं. छपरावर कधी हलावंसं वाटलं नव्हतं.

पण त्याला सुरी नको होती. सुरीच्या पलीकडे चुंबळीचं टोक लोंबत होतं, ते हवं होतं. त्याने ते पकडलं आणि ओढलं. चुंबळ आली. तिच्यावरून मी निघालो. सुरी पलीकडच्या बाजूने खाली पडली, मी अलीकडच्या. मुकुल मागे बसकण मारून बसला आणि मी त्याच्या पायांच्या एक वीत अलीकडे लादीवर आपटलो.

आवाज असा झाला की पॅसेजमधला कोरम एका क्षणात हॉलमध्ये आला.

श्वेताने आधी मुकुलला उचललं. हात, पाय, डोकं, बोटं, सगळं मोजून बघितलं. तो हसत होता. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बरोबर मऊ जागेवरून उघडलो होतो. दोन अर्धुकं. आतून मी केवढा केशरी होतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

"हे चालतं का?" सुयोगने हळूच विचारलं.

"काय?"

"म्हणजे पुरुषाने फोडला असं धरायचं का?"

भाऊराव म्हणाले याला घटनेत आधार नाही. देवव्रत म्हणाला जेवढा हात लागला तेवढा पुरे. वसुधाकाकू म्हणाल्या, "मला विचाराल तर तो आपला आपणच फुटला, तुम्हा सगळ्यांना कंटाळून." शेवटी गावी व्हिडिओ कॉल लावला. आजोबा गोठ्यात होते. श्वेताने मोबाइल आधी मुकुलसमोर धरला, मग माझ्यासमोर.

"कोणी फोडल्यान?" आजोबांनी विचारलं.

"मुकुलने. म्हणजे ओढला बाबा, मुद्दाम नाही."

"झिलगो मां तो?"

"हो बाबा, मुलगाच."

"मगे?" आजोबा म्हणाले आणि मोबाइल म्हशीकडे फिरवला. तिला आता बरं होतं.

लोक गेले. श्वेता फरशीवर माझ्याशेजारी बसली. भोपळा अख्खा असेपर्यंत महिनोन्महिने राहतो आणि चिरला की चार दिवसांचा पाहुणा, हे तिला माहीत होतं. तिने बिघडलेला भाग कापून टाकला, बिया काढल्या. एक अर्धुक कोरडं करून बाजूला ठेवलं, दुसरं किसायला घेतलं. पण किसता किसता तिची नजर मुकुलवर होती. वाटीत खिचडी होती, गार होत चालली होती. आता घास द्यायचा कुणाला?

मुकुल माझ्या ठेवलेल्या अर्धुकापाशी आला. आत डोकावला. मी पोकळ, केशरी, उघडा. त्याने वर बघितलं, खाली बघितलं. इतके दिवस तो ज्याला भरवत होता त्याला तोंडच नव्हतं, आणि आज एवढं मोठं तोंड आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की माझं सगळं आपटणं वसूल झालं.

त्याने चमचा भरला आणि माझ्या तोंडात ओतला. आत. बरोबर आत. मग स्वतःचं तोंड उघडलं.

श्वेताने पदराने नाक पुसलं आणि घास भरवला.

संध्याकाळी घारगे झाले. किसलेला मी, गूळ, कणीक, वेलची. तुपात सोडल्यावर जे फुगतात ना, त्यातला प्रत्येक मीच होतो. मुकुलने पहिला तुकडा मोडला आणि नियमाप्रमाणे माझ्या तोंडात ठेवला. म्हणजे मी मलाच खाल्लं. भोपळ्यांच्या इतिहासात असं कुणाच्या वाट्याला आलं असेल तर मला ठाऊक नाही. चव चांगली होती. गूळ किंचित जास्त झाला होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

तेव्हापासून मी असा आहे. रात्रंदिवस फ्रीजमध्ये, तोंडावर ओलं फडकं, जेवणाच्या वेळी बाहेर. श्वेता माझी कड रोज थोडी थोडी चिरून काढते, कारण कड सुकते. मी कमी कमी होत चाललोय. फ्रीजमध्ये आंबोळीच्या पिठाच्या डब्यामागे मला ढकललं की माझ्या मनात पाल चुकचुकते. तुम्हालाही हात जोडून सांगतो, अख्खा भोपळा खुशाल वाट बघत ठेवा, तो थांबतो. चिरलेला थांबत नाही. त्याला डब्यामागे विसरू नका. आम्ही टिकण्यासाठी जन्माला येत नाही हो, संपण्यासाठी येतो. ताटात संपलो तर पुण्य, बादलीत संपलो तर वाया.

श्वेताची झोप मात्र अजून उडालेलीच. अर्धुकाचं पाव झालं. पावाचं काय होणार? पुढच्या वजनाला पोपा नसेल तर? आज सकाळी ती मला ताटलीत ठेवून, फडकं काढून, वास घेत बसली होती. अजून एक दिवस निघेल का? की आजच भाजी करावी? मोत्यांच्या बाईंचा व्हिडिओ लावला होता, पण त्यांना असा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

मुकुल समोर बसला होता. ताटात घारगा, काल माझ्याच काढलेल्या कडेचा केलेला. त्याने तुकडा मोडला. मी तोंड उघडून तयार होतो, सवयीने. त्याने तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलंही नाही, गॅलरीत केळ्याच्या चिमट्यावर बसलेल्या कावळ्याकडे बघितलं आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावला. गिळला. दुसरा मोडला. तोही त्याचाच.

मी वाट बघत राहिलो. माझा घास आलाच नाही.

श्वेताचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मग तिने मान वर केली, ताट बघितलं, त्याचा गाल बघितला, गालात काही नव्हतं. माझं तोंड बघितलं, त्यातही काही नव्हतं. ती हललीच नाही. हललं तर हे मोडेल, अशी.

बाई गं, बघत काय बसलीस. मी कोरडा पडतोय. मोबाइल ठेव, तेल तापव, मोहरी तडतडू दे. फोडणी टाक.